एक वर, एक खाली

श्यामसुंदर वझ्यांना कुणी हट्टी म्हटलं तर राग येत नसे, तिरसट म्हटलं तर मनातून थोडं बरंच वाटे. पण बुधवारी दुपारी श्रीकांतने नागपूरहून फोन करून जे विचारलं, ते त्यांना फार लागलं.

"श्याम, खरं सांग हं," श्रीकांत म्हणाला, "कुणाला दाखवलंस का?"

"काय दाखवायचं?"

"डोकं."

श्यामसुंदररावांनी फोन कानापासून लांब धरला, त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि परत कानाला लावला.

"मशीन अडकतं रे माझं! कितीदा सांगू?"

"गेले तीन शनिवार तुझंच अडकतंय. नेमकी तुझी पाळी आली की अडकतं. सगळे विचारतात मला, वझ्यांना डुलकी लागली का म्हणून. हे बघ, या शनिवारी उपांत्य फेरी आहे. पुन्हा असं झालं तर पुढच्या मोसमाला मी चंद्रकांतला भिडू घेणार. आधीच सांगून ठेवतो."

ही जोडी चाळीस वर्षांची. एकाच बँकेतून बदली होऊन दोघे एकाच साली कोलकात्याला आले आणि एस्प्लनेडच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत डबा चार मिनिटांत संपवून ब्रिज खेळू लागले. पुढे श्रीकांत नागपूरला परतला. श्यामसुंदररावांची लेक आभा इथेच शिकली, इथेच तिने लग्न केलं, म्हणून ते आणि प्रेमलताबाई बालीगंजच्या फ्लॅटमध्येच राहिले. पण दर शनिवारी चार वाजता बँकेतले निवृत्त लोक आपापल्या गावाहून कंप्युटरवर ब्रिज खेळत, आणि तिथे वझे-श्रीकांत ही जोडी कुणी कधी मोडलेली नव्हती. आता ती मोडायची, तीही चंद्रकांतसाठी! ठाण्याचा चंद्रकांत पत्ते कसे टाकतो, तर पेपरवाला तिसऱ्या मजल्यावर पेपर भिरकावतो तसे. पडला तर गॅलरीत, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावर.

मशीन अडकत होतं हे अगदी खरं. पण श्यामसुंदररावांना मनातून भीती वाटत होती ती वेगळीच, आणि ती त्यांनी प्रेमलताबाईंनाही सांगितली नव्हती. मागच्या आठवड्यात ते बाजारातून दोडकी घेऊन आले, तर सकाळीच आणलेली दोडकी टोपलीत बसलेली. त्यांनी ती दुसरी दोडकी खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली आणि आपण फार शेजारधर्म पाळतो असा चेहरा केला. श्रीकांत म्हणतो ते खरं असलं तर? या प्रश्नाने ते गुरुवारी पहाटे दचकून उठले आणि थेट कंप्युटरच्या मागे लागले. दोष मशीनचाच निघायला हवा होता.

पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या अकलेने केला. मेमरी कमी पडते आहे असं पडद्यावर येत होतं, म्हणून त्यांनी मशीनमधले दोन हजार फोटो पुसले. त्यात आभाच्या बारशापासूनचं सगळं गेलं. मशीन होतं तसंच रेंगाळत राहिलं.

"अहो, माळा रिकामा केल्यावर ओट्यावरची जागा वाढते का?" प्रेमलताबाईंनी विचारलं. त्या कंप्युटरला कधी हात लावत नसत, पण त्याचा माळा कुठला आणि ओटा कुठला हे त्यांना बरोबर कळत होतं. "फोटो माळ्यावर असतात. तुमचं काम अडतंय ओट्यावर." मग त्यांनी सगळे फोटो आभाकडेही आहेत असं सांगितलं, तेही अर्धा दिवस नवऱ्याला घाम फुटू दिल्यावर.

शुक्रवारी श्यामसुंदररावांना खरी जागा सापडली. मशीनची माहिती दाखवणाऱ्या पानावर लिहिलं होतं की बसवलेली मेमरी आठ जीबी, आणि पुढे कंसात, वापरता येण्याजोगी ३.९५. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. आठ आहेत हे मशीनला मान्य आहे, पण वापरतं चारच! आहे ते सगळं डोक्यात आहे, फक्त वेळेवर बाहेर येत नाही. हे वाचून त्यांना अतोनात आनंद झाला, कारण श्रीकांतला जे आपल्याबद्दल वाटतं ते शब्दशः मशीनला झालेलं होतं.

मशीन दहा वर्षांपूर्वी चांदनी मार्केटातल्या ज्या दुकानात जोडून घेतलं होतं, तिथे त्यांनी फोन लावला. दुकानदार हिंदीत म्हणाला की तुमच्या डब्यात मेमरीच्या दोन पट्ट्या आहेत. त्यातली एक सैल झाली असेल किंवा तिच्यावर मळ बसला असेल. दोन्ही काढा, पिवळी कड खोडरबराने घासा, जागांची अदलाबदल करून, एक वरच्या खाचेत आणि एक खालच्या, टक असा आवाज येईपर्यंत दाबा. पाच मिनिटांचं काम आहे, त्यासाठी डबा इथवर आणू नका.

काम पाच मिनिटांचं होतं, पण ते टेबलाच्या खाली होतं. आणि श्यामसुंदररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दहाच दिवस झाले होते. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तीन आठवडे अजिबात वाकायचं नाही. प्रेमलताबाई या बाबतीत डॉक्टरीणबाईंच्या वरताण होत्या. चप्पल सरळ करायला ते झुकले तरी त्या स्वयंपाकघरातून ओरडत. त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

म्हणून शनिवारी दुपारी तीन वाजता जावयाला बोलावणं गेलं.

जावई सुश्रुत घटक म्हणजे सहा फूट उंच, छातीवर रुळणारी दाढी, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा बंगाली गृहस्थ. त्याने लग्नात शपथ घेतली होती की सासू-सासऱ्यांशी मराठीतच बोलेन, आणि नऊ वर्षं ती त्याने पाळली होती. सुरुवातच मोठी दणक्यात झाली होती. पहिल्या भेटीत तो उभा राहून म्हणाला, "मी तुमच्या मुलीला सुखी ठेवायची चेष्टा करीन," आणि श्यामसुंदरराव जेवणाच्या पानावरून ताडकन उठले. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे प्रेमलताबाईंनी मध्ये पडून सांगितलं म्हणून ते लग्न झालं. त्यानंतर त्याची मराठी आभाने हातात घेतली. ती सगळी आभाच्या तोंडून शिकल्यामुळे एवढा दाढीवाला माणूस दारात उभा राहून म्हणे, "बाबा, मी आले."

"ये," श्यामसुंदरराव म्हणाले. दुरुस्त करायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. "चारला डाव सुरू होतो. टेबलाखाली शीर."

सुश्रुत शिरला. बाहेर फक्त त्याचे पाय उरले. श्यामसुंदरराव काळा चष्मा लावून खुर्चीत ताठ बसले, एखाद्या जहाजाच्या कप्तानासारखे, आणि वरून हुकूम सोडू लागले. वायर काढ. झाकण काढ. पट्ट्या दिसल्या का? दिसल्या. प्रेमलताबाईंनी सुडोकूच्या वहीजवळचं खोडरबर आणून दिलं. पाच मिनिटं टेबलाखालून घसाघस आवाज आला.

"चमकते आहे, बाबा!"

"शाबास. आता नीट ऐक. एक वर लाव आणि एक खाली ठेव."

बाहेर उरलेले पाय जरा हलले.

"एक वर... आणि एक खाली?"

"हो."

"पक्का, बाबा?"

"अरे पक्का म्हणजे काय! चांदनीवाल्याने सांगितलंय. एक वर, एक खाली."

"बरं. मी करते."

टक, असा आवाज आला. एकदाच आला. श्यामसुंदररावांना वाटलं दुसरा हळू झाला असेल, डोळ्यांपाठोपाठ आता कानांचंही बघावं लागणार. त्यांनी मशीन सुरू केलं आणि ते माहितीचं पान उघडलं.

बसवलेली मेमरी, चार जीबी.

आठाचं नावसुद्धा नव्हतं. काल निदान आठ आहेत हे तरी मशीन कबूल करत होतं, आज तेही विसरलं. भिंतीवरच्या घड्याळात तीन वीस झाले होते.

"सुश्रुत, खालची नीट बसलेली नाही. खाली जोर दे."

"खाली जोर देते?"

"दे, दे. अंगठ्याने."

टेबलाखालून कण्हल्याचा आवाज आला. सुश्रुत खरोखरच जीव खाऊन दाबत होता, त्याचे पाय ताठ झालेले दिसत होते.

"दिला, बाबा. लागते फार."

"काही फरक?"

"नाही. खाली खालीच आहे."

"ते मला कळतंय रे, खाली खालीच असणार! वर कशी जाईल? बसली का ते सांग."

"कोण?"

"पट्टी!"

"पट्टी बसली. वर बसली."

"आणि खाली?"

"खाली खाली."

श्यामसुंदररावांनी डोळे मिटले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर ताण द्यायचा नाही असं सांगितलं होतं, पण जावयाबद्दल कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मशीन बंद करायला लावलं, परत सुरू केलं. चारच. सुश्रुतने पुन्हा जोर दिला, पुन्हा कण्हला. चारच. तीन पस्तीस. आता कसला डाव आणि कसली उपांत्य फेरी! त्यांच्या डोळ्यांसमोर चंद्रकांत आला, श्रीकांतच्या समोर बसलेला, फटाफट पत्ते भिरकावणारा. त्यांना अगदी रडू येईल असं झालं, आणि रडणंही डॉक्टरीणबाईंनी मनाच केलेलं असणार.

तेवढ्यात प्रेमलताबाई चहा घेऊन आल्या. एक कप त्यांनी नवऱ्याच्या हातात दिला, दुसरा बशीसकट फरशीवर सुश्रुतच्या कमरेजवळ ठेवला.

"सुश्रुत, चहा खाली ठेवलाय हं. पाय लागेल, सांभाळ."

टेबलाखालून जरा हिरमुसलेला आवाज आला. "खाली चहा, आई? बिस्कीट नाही?"

"नाही कसं? चार थिन अ‍ॅरारूट ठेवलीत की बशीत!" प्रेमलताबाईंना वाईट वाटलं. जावयाला नुसता चहा देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या.

"चार बिस्कीट आहे, मग खाली कसा?"

श्यामसुंदररावांचा कप ओठांशी थांबला. एस्प्लनेडच्या कचेरीबाहेर एक टपरी होती. तिथे ते आणि श्रीकांत वर्षानुवर्षं उभ्याने चहा प्यायले होते, आणि टपरीवाला रोज विचारायचा, दादा, खाली चा? म्हणजे नुसता चहा, की सोबत काही हवं? दहा वर्षं त्यांनी मान डोलावून खाली चा मागितला होता. आणि घरी येऊन दहा वर्षं त्याच तोंडाने प्रेमलताबाईंना सांगितलं होतं, पिशवी खाली ठेव.

"सुश्रुत," ते फार हळू म्हणाले, "बाहेर ये जरा."

सुश्रुत सरपटत बाहेर आला. दाढीत कोळिष्टक होतं आणि उजवा अंगठा लालबुंद झाला होता.

"खाली म्हणजे काय?"

"खाली म्हणजे..." सुश्रुतने परीक्षेला बसल्यासारखा विचार केला. "ज्याच्या आत काही नसते ते. खाली डबा. खाली घर."

"दुसरी पट्टी कुठंय?"

सुश्रुतने शर्टाच्या खिशात हात घातला. एक पेन निघालं, बसचं तिकीट निघालं, कसलंतरी सुकलेलं पान निघालं, आणि त्यामागून चार जीबीची घासूनपुसून चमकवलेली पट्टी निघाली.

"तुम्ही म्हणालात ना," तो कळवळून म्हणाला, "एक वर लाव, एक खाली ठेव. मला पण वाटलं, अर्धा खाली ठेवून मेमरी कशी वाढणार? म्हणून तर दोनदा विचारले!"

"बरोबर आहे त्याचं," प्रेमलताबाई म्हणाल्या. "दोनदा विचारलं त्याने. मी ऐकलं."

"नऊ वर्षांत तुला कुणी खाली म्हणजे काय ते सांगितलं नाही? आभा काय म्हणते घरात?"

"आभा नीचे म्हणते."

श्यामसुंदररावांनी कपाळावर हात मारला. पोटची पोर, मराठी घरात वाढलेली, आणि नीचे म्हणते! मग एकदम त्यांना त्या मोकळ्या खाचेत प्राण पणाला लावून अंगठा दाबणारा जावई आठवला आणि ते असे हसत सुटले की प्रेमलताबाईंनी डोळ्याच्या भीतीने त्यांचा चष्मा घट्ट धरून ठेवला. सुश्रुतला आधी काही कळेना. कळल्यावर तो खुर्चीला धरून हसला.

"चल, शीर परत," श्यामसुंदरराव धाप लागत म्हणाले. मग त्यांनी मनाचा हिय्या केला, कारण असं मराठी ते आयुष्यात बोलले नव्हते. "एक वर लाव. आणि एक नीचे."

टक. टक.

बसवलेली मेमरी, आठ जीबी. कंसात, वापरता येण्याजोगी ७.८८. सुश्रुतने टाळी वाजवली. श्यामसुंदरराव पडद्याकडे बघत पुटपुटले, "हे पॉइंट बारा कुठं गेले?"

"सोडा हो ते," प्रेमलताबाई म्हणाल्या. "तेवढं कुणाचंही जातं."

तीन चोपन्नला ते टेबलावर हजर झाले, इतरांच्या आधी. मशीन आता असं पळत होतं की पत्त्याला नुसता बाण लावला तरी तो उडून मधे जाऊन पडे. समोर श्रीकांत, डाव्या-उजव्या हाताला चंद्रकांत आणि त्याचा भिडू. पहिले सात डाव झकास गेले. आठव्या, शेवटच्या डावात श्यामसुंदररावांची बोली टिकली, श्रीकांतचे पत्ते डमी म्हणून उघडे पडले, आणि सगळा खेळ एकट्या श्यामसुंदररावांच्या हातात आला. सगळं येऊन थांबलं एका प्रश्नावर, बदामची राणी गेली की अजून बाहेर आहे?

मघाशी तर दिसली होती. की ती आधीच्या डावातली? त्यांनी पत्ते मागे मागे आठवून पाहिले. किलवर आठवले, चौकट आठवली. बदामांपाशी आलं की पुढे सगळं पुसट होत होतं. मशीन मात्र लख्ख जागं होतं, त्यांच्या नावाभोवतीची हिरवी चौकट शांतपणे लुकलुकत होती. एक मिनिट झालं. दोन झाली.

टेबलाच्या गप्पांच्या पट्टीत चंद्रकांतची ओळ उमटली. "श्यामरावांचं मशीन परत झोपलं वाटतं."

लगेच तिच्या खाली श्रीकांतची. "जुनं आहे त्याचं मशीन. थांबा जरा."

श्यामसुंदररावांनी ती ओळ वाचली. श्रीकांतने त्यांना चांगलं निमित्त आणून दिलं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं. पाठीमागे सुश्रुत उभा होता, लाल अंगठा पाण्याच्या वाटीत बुडवून, मशीन किती छान चाललंय ते कौतुकाने बघत. त्याच्यासमोर मशीनला झोपलेलं म्हणणं त्यांच्याने झालं नाही. एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं, "मशीन जागं आहे. मी विचार करतोय."

मग त्यांनी राणी बाहेर आहे असं धरून पत्ता टाकला. राणी केव्हाच गेलेली होती. डाव एका हाताने गेला, आणि त्याबरोबर उपांत्य फेरीही.

पाच मिनिटांत फोन वाजला. त्यांनी तो उचलायला वेळ लावला.

"राणी गेली होती, श्याम."

"हो. पत्ता टाकल्यावर आठवलं."

"आणि मशीन खरंच नीट झालंय?"

"एकदम. पळतंय. मला नाही आठवलं, श्रीकांत. मशीनचा काही संबंध नाही. चंद्रकांतला घ्यायचं तर घे, मी समजू शकतो."

श्रीकांत म्हणाला, "राणी गेली हे तुला मी कशावरून सांगितलं, माहीत आहे?"

"लक्षात होतं तुझ्या."

"कसलं लक्षात! गेले चार महिने मी गेलेला प्रत्येक पत्ता कागदावर लिहून ठेवतोय. चोरून. सुरुवातीला तीन-चारच लिहायचो, आता सगळेच लिहितो. तू अडकलास की मी कुठल्या ओळीवर होतो तेच विसरतो, म्हणून तुझ्यावर चिडायचो. चंद्रकांत फटाफट खेळतो ना, मला वाटलं त्याच्यासोबत विसरायला वेळच मिळायचा नाही. तुला डोकं दाखव म्हणालो, तेव्हा मीच दाखवून आलो होतो. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने ठीक आहे. तू आज सगळ्यांसमोर लिहिलंस आणि मला इतकं मोकळं वाटलं म्हणून सांगू."

चाळीस वर्षांत श्रीकांतचा एवढा राग श्यामसुंदररावांना कधी आला नव्हता, आणि एवढी मायाही कधी वाटली नव्हती.

"लबाडा," शेवटी ते म्हणाले, "पुढच्या मोसमात काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? भिडू आहेस ना?"

"आहे."

"मग झालं तर."

श्यामसुंदररावांनी सुश्रुतच्या खिशातलं पेन काढून घेतलं, सुडोकूची वही पुढे ओढली आणि मागचं पान उघडलं.

"सांग," ते म्हणाले, "रकाने आडवे पाडतोस की उभे?"